तळटीप : पायाळू
पायाळू : जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली व्यक्ती. डोळ्यांत अंजन घातल्यावर अशा व्यक्तीस भूमिगत धन किंवा पाण्याचा झरा दिसतो, हा समज वऱ्हाडात, त्यातील वाशिम जिल्ह्यासह, रूढ आहे. इंग्रजीतील सौम्य रहस्यकादंबऱ्यांत, म्हणजे रक्तपात पडद्याआड ठेवून गावातल्याच हौशी शोधकाकडून गुन्ह्याचा उलगडा करविणाऱ्या कथांत, अतींद्रिय दृष्टीच्या नायिकेस जे स्थान असते, ते येथे लोकसमजुतीने पायाळूस दिले आहे. मराठीत भयकथालेखक नारायण धारप (१९२५–२००८) यांचा ‘समर्थ’ हा नायक त्या नायिकेच्या जवळचा असला, तरी त्याची झुंज गुन्हेगारांपेक्षा अमानवी शक्तींशीच अधिक आहे. प्रत्यक्षात मात्र अशा समजांतून गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये महाराष्ट्रात गुन्हा ठरतात.