फुलदाणीसाठी बाग : जोड्या आधी ठरवा, रोपे नंतर आणा

मराठी घराच्या परसातील फुलझाडांची निवड पूर्वापार देवपूजा आणि वेणी-गजरा यांच्या गरजेतून होत आली. जास्वंद, पारिजातक, मोगरा, तगर, अबोली ही त्यातली हक्काची झाडे. ही फुले देठावरून खुडायची, परडीत घ्यायची आणि त्याच दिवशी वापरायची असतात. त्यांना लांब दांडा नसतो आणि पाण्यात ती टिकत नाहीत. फुलदाणीत चार-आठ दिवस राहणारी फुले घरीच पिकवायची असतील तर निवडीचे निकष बदलतात. दांड्याची लांबी, कापल्यानंतरचा टिकाऊपणा आणि बहराचा काळ या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

शहरातील हौशी मंडळींची चूक येथेच होते. रोपवाटिकेत फुललेली रोपे पाहून ती आणली जातात. डिसेंबर-जानेवारीत सारा वाफा एकदम फुलतो आणि मार्चपासून दसऱ्यापर्यंत घरात बाजारातील फुले येत राहतात. जागा थोडी, पाणी मोजके, उन्हाचे तास ठरलेले. अशा वेळी कोणते झाड कोणाच्या शेजारी आणि कोणाच्या पाठोपाठ लावायचे, याचे नियोजन केल्याशिवाय अशी बाग साधत नाही.

फुलदाणीतील चार भूमिका

चांगल्या पुष्परचनेत चार प्रकारचे घटक असतात. पहिला उंच, सरळ रेषा देणारा : निशिगंध, ग्लॅडिओलस, स्नॅपड्रॅगन. दुसरा नजर खिळवून ठेवणारे मोठे फूल : डेलिया, झिनिया, सूर्यफूल, मोठ्या फुलाची शेवंती, गुलाब. तिसरा मधल्या जागा भरणारी बारीक फुले : अ‍ॅस्टर, गोल्डन रॉड, बारीक शेवंती, गोम्फ्रेना. चौथा पालवी : शोभेची शतावरी, नेचे, क्रोटन, आणि सुगंधासाठी मरवा किंवा तुळस.

कोणत्याही महिन्यात या चारांपैकी निदान तिघांचा पुरवठा बागेतून झाला पाहिजे, हे सूत्र धरून आराखडा करावा. बहुतेकांच्या बागेत मोठ्या फुलांची गर्दी होते. भरावाची फुले आणि पालवी राहून जाते. परिणामी पाच डेलिया असूनही फुलदाणी उघडी-बोडकी दिसते. मोठ्या फुलांच्या एका रोपामागे भरावाची दोन रोपे, असा ढोबळ हिशेब ठेवावा. पालवीसाठी उन्हाची जागा अडवण्याचे कारण नाही. नेचे आणि शोभेची शतावरी भिंतीलगतच्या किंवा झाडाखालच्या सावलीत उत्तम वाढतात.

ऋतूंची साखळी

पश्चिम महाराष्ट्राच्या हवेत वर्षाचे तीन टप्पे करता येतात. एप्रिल-मे महिन्यात निशिगंधाचे कंद लावले की साधारण तीन ते चार महिन्यांत, म्हणजे पावसाळ्यात दांडे सुरू होतात. थंडी वाढली की त्यांचा वेग मंदावतो. जूनमध्ये झिनिया, झेंडू आणि कोंबडा यांची रोपे लावल्यास गणपती ते दिवाळी हा काळ रंगांनी भरून निघतो. शेवंतीची छाटकलमेही पावसाळ्याच्या आरंभी लावावीत.

अ‍ॅस्टरचे बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरून महिनाभराने रोपे वाफ्यात न्यावीत. फुले हिवाळ्यात येतात. अ‍ॅस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होत असल्याने गतवर्षीचे उरलेले बी वापरू नये. फेब्रुवारीत वाफा मोकळा झाला की पुन्हा झिनिया, सूर्यफूल आणि गलांडा लावावा. हे तिन्ही उन्हाचा ताप सोसतात. गलांडा तर कमी पाण्यावरही तग धरतो.

ग्लॅडिओलसच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. एका कंदापासून साधारणपणे एकच दांडा मिळतो. सगळे कंद एकाच दिवशी लावले तर सगळे दांडे एकाच आठवड्यात हाती येतात. म्हणून पंधरा कंद असतील तर ऑक्टोबरपासून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पाच-पाच लावावेत. जातीनुसार दोन ते तीन महिन्यांनी प्रत्येक पंधरवड्याला एका फुलदाणीपुरते दांडे मिळत राहतात.

जमिनीखालची जोडी

वरून शोभणारी जोडी जमिनीखालीही जमली पाहिजे. निशिगंधाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव होतो. झाडे खुरटतात, दांडे आखूड येतात. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये या सूत्रकृमींची वाढ रोखतात. म्हणून निशिगंधाच्या ओळींलगत झेंडू लावणे, किंवा कंद लावण्यापूर्वी त्याच वाफ्यात झेंडूचे एक पीक घेणे फायद्याचे ठरते. ही दोन्ही झाडे मूळची मेक्सिकोची. आज एक आपल्या दाराच्या तोरणात रुळले आहे, तर दुसरे लग्नमांडवात.

अ‍ॅस्टरचे नेमके उलट आहे. त्याला बुरशीमुळे होणारा मर रोग जडतो आणि ही बुरशी मातीत टिकून राहते. त्यामुळे एका जागी लागोपाठ दोन वर्षे अ‍ॅस्टर घेऊ नये. कुंडीत लावत असल्यास माती बदलावी. झिनियावर दमट हवेत पांढरी भुरी पडते. ती दाट लावू नये आणि पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी द्यावे.

पाण्याच्या गरजेनुसारही गट करावे लागतात. अ‍ॅस्टर आणि ग्लॅडिओलस यांना नियमित ओलावा लागतो, गलांड्याला अतिओलावा सोसत नाही. एकाच वाफ्यात ही झाडे मिसळली तर कोणा एकाचे नुकसान ठरलेलेच.

दोन वाफ्यांचा आराखडा

सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद आणि तीन मीटर लांब असे दोन वाफे एका कुटुंबाला पुरेसे आहेत. दोन्ही मिळून जागा साधारण ८० चौरस फुटांची होते. रुंदीत ३० सेंटिमीटर अंतराने चार ओळी बसतात. वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा, हे महत्त्वाचे. माती तुडवावी लागत नाही. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी.

पहिला वाफा बहुवर्षायू झाडांचा. त्यात उत्तरेकडील दोन ओळी निशिगंधाच्या, २० सेंटिमीटर अंतराने प्रत्येकी पंधरा कंद. तिसरी ओळ गोल्डन रॉडची, चौथी झेंडूची. उंच झाडे उत्तरेला ठेवल्याने हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना बुटक्या झाडांवर सावली पडत नाही.

दुसरा वाफा फिरत्या पिकांचा. पावसाळ्यात दोन ओळी झिनिया आणि दोन ओळी कोंबडा. हिवाळ्यात एक ओळ ग्लॅडिओलस आणि तीन ओळी अ‍ॅस्टर. उन्हाळ्यात सूर्यफूल आणि गलांडा. पुढील हिवाळ्यात अ‍ॅस्टर कुंड्यांत हलवून त्याच्या जागी स्नॅपड्रॅगन घ्यावे. वाफ्यात प्रत्येक पिकानंतर चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत मिसळावे.

शेवंतीची जागा मात्र विचारपूर्वक ठरवावी. दिवस लहान होऊ लागले, की शेवंतीला कळ्या धरतात. रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड अंगावर पडत असेल तर तिला दिवस संपल्याचे कळतच नाही. पाने भरपूर येतात आणि फुले लांबणीवर पडतात. गॅलरीत शेवंती फुलत नाही, या तक्रारीचे कारण अनेकदा खताऐवजी समोरच्या खांबावर सापडते.

जातींची निवड

संशोधन संस्थांनी निवडलेल्या जाती आपल्या हवेत अधिक भरवशाच्या ठरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले गणेश’ मालिकेतील पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या अ‍ॅस्टरच्या जाती दिल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अ‍ॅस्टरमध्ये ‘कामिनी’ व ‘पूर्णिमा’, तर निशिगंधात ‘शृंगार’, ‘प्रज्वल’, ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ या जाती प्रचलित आहेत. निशिगंधात एकेरी पाकळ्यांची जात हार व सुगंधी अर्कासाठी आणि दुहेरी पाकळ्यांची फुलदाणीसाठी अधिक वापरली जाते. रंग निवडताना पिवळा-केशरी हा एक गट आणि जांभळा-गुलाबी हा दुसरा गट मानावा. पांढरा रंग दोहोंना सांधतो, म्हणून प्रत्येक ऋतूत एक तरी पांढरे फूल असावे.

खुडणे आणि कापणे

ज्या बागेची फुले कापायची, ती बाग सदैव बहरलेली दिसणार नाही, हे आधीच मान्य करावे. झिनिया आणि झेंडू यांचे शेंडे रोप वीतभर झाले की खुडावेत. बगलेतून फुटवे येऊन दांडे वाढतात. फुले झाडावरच सुकू दिली तर झाड बी धरण्याच्या मागे लागते आणि नवी फुले कमी येतात. नियमित कापणी हाच बहर लांबवण्याचा उपाय आहे.

कापणीची वेळ प्रत्येक फुलाची निराळी. निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांची खालची एक-दोन फुले उमलू लागताच दांडा कापावा. वरच्या कळ्या पाण्यात उमलतात. ग्लॅडिओलस कापताना निदान चार पाने झाडावर ठेवावीत, म्हणजे पुढील वर्षाचा कंद पोसला जातो. झिनिया पूर्ण उमलल्यावरच कापावी. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवून पाहावा. मान लवली तर फूल अजून तयार नाही, ताठ राहिली तर कापायला हरकत नाही.

कापणी सकाळी उन्हे चढण्यापूर्वी करावी आणि पाण्याची बादली सोबतच न्यावी. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, विशेषतः झेंडूची, कारण ती लवकर कुजून पाण्याला दुर्गंधी येते. भांडे स्वच्छ घासलेले असावे. पाण्यात नुसती साखर घातल्याने फुलांपेक्षा जिवाणूच अधिक पोसले जातात. त्यापेक्षा रोज पाणी बदलून दांड्याचे टोक तिरके छाटणे अधिक उपयोगी. फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकत्या केळ्यांतून आणि सफरचंदांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात. कार्नेशनला त्याचा सर्वाधिक त्रास होतो.

आराखडा कागदावर उतरवण्यास मार्च महिना योग्य. निशिगंधाच्या लागवडीला तेव्हा थोडाच अवधी उरलेला असतो आणि हिवाळी बहरात काय कमी पडले, हेही ताजे असते. वहीत बारा महिन्यांचे रकाने आखून त्यांत रेषा, मोठे फूल, भराव आणि पालवी अशा चार ओळी माराव्यात. ज्या महिन्यात दोन रकाने रिकामे दिसतील, त्याच महिन्याच्या फुलांसाठी पहिली खरेदी करावी.