कुंपण नसलेला तुरुंग

सन १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट पडद्यावर आला. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. आदिनाथ नावाचा जेलर सहा अट्टल कैद्यांना तुरुंगातून काढून एका ओसाड माळावर नेतो. तेथे भिंत नाही, पायांत बेडी नाही. जमीन फोडावयाची, पेरावयाची आणि पिकवावयाचे. दुसऱ्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. बैलाशी झुंज घेण्याच्या प्रसंगात शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली, ही हकीकतही आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. पण ही गोष्ट कोठून आली, असे विचारले तर उत्तर चटकन येत नाही. कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांचे माडगूळ गाव आटपाडीच्या परिसरातले, आणि आटपाडीच्याच माळावर या चित्रपटाच्या अठरा वर्षे आधी, १९३९ साली, खऱ्या कैद्यांची खरी वसाहत उभी राहिली होती. तिचे नाव स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला हे नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती की श्रद्धा, असा प्रश्न आम्हांला पडे. दोन्ही असाव्यात.

त्या वेळी आटपाडी औंध संस्थानात होती. औंध हे संस्थान म्हणजे बहात्तर गावांचा कारभार, आणि ती गावेही एका ठिकाणी नव्हेत; काही साताऱ्याकडे, काही माणदेशात, काही कुंडलाजवळ, तर काही थेट विजापूरच्या बाजूला. पाऊस बेताचा, उत्पन्न त्याहून बेताचे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकार म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी आपली सत्ता राज्यघटना करून प्रजेच्या हाती दिली. त्या घटनेसाठी गांधीजींचा सल्ला घेतलेला होता. तिच्या घडणीत राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर एक अनपेक्षित मनुष्य होता, तो म्हणजे मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधला ज्यू इंजिनियर, बंगळूरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यात कामाला आलेला. पुढे भगवी वस्त्रे घेऊन तो भारतानंद झाला. खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेऊन जगापुढे मांडणारा तो हाच. कैद्यांना भिंतीबाहेर ठेवावे, ही कल्पना त्याची. ती ऐकून न हसणारा राजा औंधात होता, हे त्याचे भाग्य.

या धाडसाची मापे कळावयाची तर शंभर वर्षे मागे जावे लागेल. हिंदुस्थानातील तुरुंगांचा विचार करण्यासाठी कंपनी सरकारने १८३६ मध्ये एक समिती नेमली. मेकॉले तिचे सभासद होते. १८३८ च्या अहवालात समितीने रस्त्यांवर कैद्यांची कामे काढण्याची जुनी पद्धत दोषास्पद ठरवली. कैद्याला कंटाळवाणे, नीरस, एकसुरी काम द्यावे, त्याला शिकवून सुधारण्याच्या खटपटीत पडू नये, असे तिचे मत पडले. तुरुंगाची नुसती आठवणही मनुष्याला नकोशी वाटली पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. तो हिशोब शिपायाच्या दृष्टीने सोपा होता. चक्की फिरते आहे, कुलूप लागले आहे, संध्याकाळची मोजणी बरोबर भरली आहे, एवढे पाहिले की कर्तव्य संपले. १८९४ चा तुरुंग कायदा याच हवेत जन्मला. कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या समितीने मात्र कैद्याची सुधारणा हेही तुरुंगाचे काम आहे, असे स्वच्छ लिहिले. अहवाल छापला गेला, आणि कुलपे होती तशीच राहिली.

राज्यकर्त्यांना हे जमले नाही, ते एका कारखानदाराने आधीच थोडेसे करून पाहिले होते. औंधच्याच हद्दीत, कुंडलाजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तेथे त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले होते. ज्याच्या भीतीने घराला कडी लावावयाची, त्याच्याच हाती कंदील आणि काठी! व्यवहारी माणसाने हे केले, म्हणून त्याचे मोल आम्हांला अधिक वाटते. भलेपणाच्या भरात कारखाना चालत नाही. लक्ष्मणरावांनी माणूस पारखूनच पहाऱ्यावर ठेवला असेल.

स्वतंत्रपुरात हीच गोष्ट वस्तीच्या प्रमाणावर झाली. कैदी शेती करी, आणि त्याची बायकापोरे त्याच्याजवळ राहत. आमच्या मते या प्रयोगाचा खरा गाभा येथे आहे, आणि चित्रपटात तो दिसत नाही. चित्रपटातील कैद्यांना जेलरचे डोळे आठवतात व ते परत फिरतात. तेथे पहारा मनात गेला, पण तो अजून पहाराच आहे. आटपाडीच्या माळावर माणसाला थांबवणारी वस्तू निराळी होती. चूल पेटलेली, पोर अंगणात, उभे पीक पाण्याला आलेले. पळावयाचे तर हे सगळे टाकून पळावयाचे. आपण एरवी कैद्याचे घर त्याच्यापासून तोडतो आणि दहा-बारा वर्षांनी सांगतो, जा, आता घरी नीट नांद. ते घर तोवर राहिलेले असते काय, हे कोणी विचारीत नाही. शिक्षा नवऱ्याला झाली तरी तुरुंगाबाहेर ती बायको भोगते, ही गोष्ट फिर्यादीत येत नाही आणि निकालपत्रातही येत नाही.

एक आक्षेप येथे घेतला जातो, आणि तो खोटा नाही. ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याने खुनी आपल्या मुलांत बसून भाकरी खातो हे कसे सोसावे? याला गोड उत्तर आमच्याजवळ नाही. एवढेच सांगता येईल की, खुल्या वसाहतीत येणारा कैदी न्यायालयातून थेट तेथे जात नाही. शिक्षेची काही वर्षे बंद तुरुंगात काढल्यावर आणि वर्तन पाहून त्याची निवड होते. शिवाय तो एक दिवस सुटणार हे ठरलेलेच असते. प्रश्न उरतो तो कसा होऊन सुटणार एवढाच.

१९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाच्या पुष्कळ हौशी संस्थानाबरोबर गेल्या, पण स्वतंत्रपूर राहिले आणि पुढे महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडे आले. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांनी १९५२ मध्ये वाराणसीजवळ चंद्रप्रभा नदीच्या धरणावर कैद्यांचे खुले शिबिर काढले. ते स्वतः स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगून आलेले. राजस्थानचे राज्यपाल असताना १९६३ मध्ये सांगानेरला जे खुले शिबिर सुरू झाले, त्यालाही त्यांचेच नाव आहे. महाराष्ट्रात पैठणचा खुला तुरुंग १९६८ चा. वाट अशी पडत गेली. रहदारी मात्र तिच्यावर फार झाली नाही.

कारण उघड आहे. भिंतीआडून कैदी पळाला तर दोष भिंतीचा, शिपायाचा, फार तर कुलपाचा. उघड्या शेतातून पळाला तर दोष ज्याने विश्वास टाकला त्याचा. शंभर माणसे सरळ झाली तर वर्तमानपत्रात ओळ येत नाही, आणि एक पळाला तर अधिकाऱ्याची चौकशी लागते. असा सौदा कोणता नोकर करील? भवानरावांना वरिष्ठ नव्हते असे नाही, रेसिडेंट होताच. पण बदलीची भीती नव्हती. चित्रपटातही पाहा, कैद्यांवर शेवटी घाला येतो तो बाजारातून. ते भाजी स्वस्त विकतात म्हणून व्यापाऱ्याची माणसे त्यांना मारतात. माडगूळकरांनी गावचा बाजार पाहिलेला होता.

२०२२ अखेरची सरकारी आकडेवारी समोर आहे. देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती, आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यांतील शेकडा पंचाहत्तरांहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. स्वतंत्रपूर, पैठण, सांगानेर यांची दारे शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. ज्याच्यावर दोष ठरला त्याला कधीतरी शेत दिसते. ज्याच्यावर ठरलेला नाही, तो तारखेची वाट पाहत बराकीत दाटीने झोपतो.