मुंबईची वेळ, आपली वेळ

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, असं वाटलं. म्हणून मी इतिहासातला एक विषय घेतला आहे. आपली शाळा गिरणगावातली. कितीतरी जणांच्या घरी वडील, काका नाहीतर आजोबा गिरणीत. त्यामुळे हा इतिहास तसा घरचाच आहे.

माझ्या कामात घड्याळांशी रोज संबंध येतो. संगणकाच्या यादीत भारताच्या वेळेची एकच नोंद असते, 'एशिया/कोलकाता'. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईचं नाव त्या यादीत नाही. पण एके काळी मुंबईची स्वतःची वेळ होती आणि ती सोडायला हे शहर मुळीच तयार नव्हतं.

भूगोलाच्या तासाला शिकलेलं गणित आठवा. एका रेखांशाला चार मिनिटं. प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरजवळ. मुंबई आहे साधारण ७३ अंशांवर. त्यामुळे मिर्झापूरला सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर सुमारे ३९ मिनिटांनी तो आपल्या माथ्यावर येतो. जुनी 'मुंबई वेळ' सूर्याप्रमाणे चालायची, म्हणून ती आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. रेल्वे मात्र मद्रासची वेळ पाळायची. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबईवर लादून पाहिली, पण विरोध इतका झाला की दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. त्याच महिन्यात मुंबईतले गिरणी कामगार चिडून रस्त्यावर आले, दगडफेकही झाली. ३९ मिनिटांसाठी एवढा राग कशाला, असं आज वाटेल. पण कामगाराच्या बाजूने हिशोब करून बघा. गिरणीचं फाटक घड्याळात त्याच आकड्याला उघडणार, पण सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी. म्हणजे चाळीतून अंधारात निघायचं. त्यातच गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे लागले होते. तोवर दिवस मावळला की काम थांबायचं. दिव्यांमुळे काही ठिकाणी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा नव्हती. कापड गिरण्यांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. अशा वेळी मालकाच्या सोयीने काटा पुढे सरकला, तर माणसं भडकणारच.

महापालिकेनेही आपल्या घड्याळांवर मुंबई वेळच ठेवली. सरकारी घड्याळ एक, पालिकेचं दुसरं, असा कारभार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला. पन्नासच्या दशकात मुंबई वेळ हळूहळू मागे पडली.

वेळेवरचा हक्क मागणारा पहिला आवाज मात्र त्याहून जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक समाजाचे, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. ५,५०० कामगारांच्या अर्जात मागण्या अगदी साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

आपण ज्या गिरणगावात वाढलो ते भोंग्याचं गाव. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि एकेक भोंगा गप्प झाला. फिनिक्समध्ये मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आली.

आता भोंगा आपल्या खिशात आहे. माझी टीम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बसते. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, की तीच मीटिंग साडेदहाला येते. अमेरिकेतल्या ऋतूप्रमाणे परळमधल्या घरातली जेवणाची वेळ बदलते. सासूबाई विचारतात, "अगं, तुमच्या ऑफिसला रात्र होतच नाही का?" खरं उत्तर आहे, होत नाही. लोखंडे यांनी 'सूर्यास्तापर्यंत' म्हटलं होतं, पण आमच्या कामाचा सूर्य मावळतच नाही.

मी तक्रार करत नाही. या कामाने मला पगार दिला, घर दिलं, जग दाखवलं. गिरणीतल्या माणसाला घरून काम करण्याची सोय नव्हती, ती मला आहे. फरक एवढाच, की त्याला घड्याळ बदललेलं कळलं आणि तो ओरडला. आपली वेळ पाच-दहा मिनिटांनी, एकेका मेसेजने जाते. शिवाय प्रत्येकाची वेगवेगळी जाते, म्हणून 'आपण सगळे' असं म्हणून उभं राहायला कोणी नसतं. आपल्या वर्गातले निम्मे तरी आज याच चक्रात आहेत : बँकेत, कॉल सेंटरला, हॉस्पिटलमध्ये, डिलिव्हरीच्या कामात. रात्री कोणत्या वेळेनंतर फोन उचलायचा नाही, हे निदान घरात आणि ऑफिसात मोकळेपणाने बोलावं, एवढंच मला सुचतं.

आपलं संमेलन रविवारी आहे. ती सुट्टी सहा वर्षं झगडून मिळवलेली आहे, तेव्हा नक्की या. वेळ सकाळी दहाची. कोणी ३९ मिनिटं उशिरा आलं, तर मुंबई वेळ धरून चालवून घेऊ!