‘पीएमपी’ : अनुभवी व्यवस्थापकांचीही कसोटी पाहणारी परीक्षा

पूल बांधायचा असो, बँकेची संगणकप्रणाली बदलायची असो वा औषधाचा नवा कारखाना उभारायचा असो. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात आणि अपेक्षित दर्जाचे काम करून घेण्याची जबाबदारी प्रकल्प व्यवस्थापकावर असते. आपल्याकडे हे पद बहुधा ज्येष्ठतेने चालत येते. त्यामागील शास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र थोड्यांनाच मिळालेले असते. ज्ञान आणि अनुभव या दोहोंची एकत्र पारख करणारे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ अर्थात ‘पीएमपी’ हे प्रमाणपत्र अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९८४ पासून देत आली आहे. संस्थेची स्थापना १९६९ ची असून मुंबई आणि पुणे येथेही तिचे चॅप्टर कार्यरत आहेत.

ही परीक्षा नवशिक्यांसाठी नाही. २०२१ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किंवा समकक्ष शिक्षण असणाऱ्या उमेदवाराला मागील आठ वर्षांत किमान ३६ महिने प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव आवश्यक ठरविण्यात आला. पदवी नसल्यास हीच अट ६० महिन्यांची. त्याखेरीज प्रकल्प व्यवस्थापनाचे ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. एकाच काळात दोन प्रकल्प सांभाळले असले तरी तो काळ एकदाच मोजला जातो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. अर्जांपैकी काही पडताळणीसाठी निवडले जातात. अशा वेळी जुन्या वरिष्ठांकडून अनुभवाची खातरजमा करून द्यावी लागते. तेव्हा नोकरी बदललेल्यांनी त्यांच्याशी आधीच संपर्क साधून मगच अर्ज भरणे शहाणपणाचे.

जानेवारी २०२१ मध्ये लागू झालेल्या स्वरूपात १८० प्रश्न आणि २३० मिनिटे असा हिशेब होता, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिट. माणसे, प्रक्रिया आणि व्यावसायिक पर्यावरण या तीन विभागांचा वाटा अनुक्रमे ४२, ५० आणि ८ टक्के होता. जुलै २०२६ पासूनच्या परीक्षेसाठी संस्थेने जाहीर केलेल्या आराखड्यात व्यावसायिक पर्यावरणाचा वाटा २६ टक्क्यांवर नेण्यात आला. मित्राच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या टिपणांवर विसंबणाऱ्यांना असे बदल महागात पडतात. संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारा परीक्षेचा आराखडा हाच अभ्यासाचा पाया धरावा. ‘पीएमबोक गाइड’ हा ग्रंथ त्याला पूरक आहे. मात्र त्याच्याही आवृत्त्यांत मोठे अंतर आहे. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रियांची मांडणी होती, तर २०२१ च्या सातव्या आवृत्तीने १२ तत्त्वांना मध्यवर्ती स्थान दिले. याच्या जोडीला ‘अ‍ॅजाइल प्रॅक्टिस गाइड’ वाचणे अपरिहार्य आहे. कारण २०२१ पासून बरेच प्रश्न अ‍ॅजाइल वा संमिश्र पद्धतीवर बेतलेले असतात.

दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेले उमेदवार या परीक्षेत अडखळतात ते व्याख्यांपाशी नव्हे, तर प्रसंगांवर आधारित प्रश्नांपाशी. ग्राहकाचा प्रतिनिधी एखादा किरकोळ बदल तोंडी सुचवतो आणि ‘एवढे करून टाका’ म्हणतो. व्यवस्थापकाने प्रथम काय करावे? कामाच्या धबडग्यात मुरलेला माणूस संबंध टिकविण्यासाठी तो बदल निमूट करून टाकतो, किंवा थेट नकार देतो. परीक्षेला दोन्ही अमान्य. पारंपरिक पद्धतीच्या प्रकल्पात त्या बदलाचा मुदत, खर्च आणि जोखीम यांवर होणारा परिणाम आधी तपासावा आणि मग बदल-नियंत्रणाच्या ठरलेल्या मार्गाने निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा असते. हाच प्रसंग अ‍ॅजाइल प्रकल्पात घडला, तर मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते आणि कामांच्या यादीतील तिचा क्रम तो ठरवतो. घटना एकच, उत्तरे दोन! प्रश्नातील प्रकल्प कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यातच निम्मे यश आहे. सहकाऱ्यांतील वादाचेही तसेच. तक्रार वर नेणारा पर्याय सहसा चुकीचा ठरतो. आधी संबंधितांशी बोलून कारण समजून घेणे अपेक्षित असते.

गणिते थोडीच असतात, परंतु ती सोडून देऊ नयेत. दहा मजल्यांची, दहा कोटी रुपयांची इमारत दहा महिन्यांत, दरमहा एक मजला या गतीने उभारायची आहे असे समजू. चार महिन्यांनंतर तीनच मजले झाले आणि खर्च पावणेचार कोटी झाला. झालेल्या कामाचे मूल्य तीन कोटी. त्याला प्रत्यक्ष खर्चाने भागल्यास खर्चाचा निर्देशांक ०.८ येतो आणि नियोजित चार कोटींनी भागल्यास वेळापत्रकाचा ०.७५. दोन्ही एकाहून कमी, म्हणजे प्रकल्प महागही पडतो आहे आणि रेंगाळतोही आहे. हाच वेग राहिला तर दहा कोटींना ०.८ ने भागून अंतिम खर्च साडेबारा कोटी होईल. ‘अर्न्ड व्हॅल्यू’ या नावाने ओळखली जाणारी ही रीत पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या कामातील आकडे घेऊन दोन-चारदा मांडून पाहावी.

नोकरी सांभाळून तयारीसाठी तीन-चार महिने धरावेत. त्यातील शेवटचे काही आठवडे पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांसाठी राखावेत. चुकलेल्या प्रश्नाबरोबरच अंदाजाने बरोबर आलेल्या प्रश्नाचेही स्पष्टीकरण वाचावे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. विश्रांतीनंतर आधीच्या भागाकडे परतता येत नाही, याचाही सराव हवा. खऱ्या परीक्षेतील म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रश्नसंचांपासून मात्र दूर राहावे. प्रश्नांची गोपनीयता पाळण्याचे बंधन उमेदवाराने स्वीकारलेले असते आणि त्याचा भंग झाल्यास प्रमाणपत्रच धोक्यात येते.

परीक्षा केंद्रावर किंवा घरून संगणकाद्वारे देता येते. घरून देताना खोलीत दुसरे कोणी येता कामा नये; नांदत्या घरात चार तास हे जमणे कठीण, शिवाय विजेचा आणि इंटरनेटचा भरवसा वेगळाच. ज्यांना शक्य आहे त्यांनी केंद्रच निवडावे. उत्तीर्णतेसाठी किती टक्के लागतात हे संस्था सांगत नाही. अपयश आल्यास एका वर्षाच्या मुदतीत एकूण तीन प्रयत्न करता येतात, मात्र पुन्हा शुल्क भरून. प्रमाणपत्र तीन वर्षे वैध राहते आणि नूतनीकरणासाठी त्या काळात व्यावसायिक विकासाचे ६० एकक जमवावे लागतात.