जगाचा पैसा इकडे, मग आपला तिकडे कशाला?

“जगाचा पैसा भारतात येतोय, मग आपण आपला बाहेर कशाला न्यायचा?” गुंतवणुकीचा विषय निघाला की हा प्रश्न बिनतोड म्हणून टाकला जातो. देश वेगाने वाढतो आहे, तेव्हा बाजारही वाढणारच, हे त्यामागचे गृहीतक. हा पूर्वपक्ष मला मुळातच अमान्य आहे.

शांघायचा निर्देशांक १६ ऑक्टोबर २००७ रोजी ६,१२४ वर पोचला. त्यानंतर चीनचे सकल उत्पादन डॉलरमध्ये मोजले तरी चौपटीहून अधिक झाले. निर्देशांकाला तो आकडा पुन्हा गाठता आलेला नाही. शेअर कोणत्या भावाला घेतला आणि कंपन्यांनी नवे शेअर काढून जुन्या भागधारकांचा वाटा किती पातळ केला, यावर नफा ठरतो. देशाची भरभराट एकटी पुरत नाही. जपानचा अनुभव याहून कठोर. निक्केईचा १९८९ अखेरचा उच्चांक मोडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. १९८९ मध्ये पस्तिशीत असलेला गुंतवणूकदार तोवर सत्तरीला टेकला होता.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९९९ अखेर १,४६९ वर होता, दहा वर्षांनी १,११५ वर. त्याच दशकात सेन्सेक्स पाच हजारांवरून सतरा हजारांपुढे गेला. ज्या अमेरिकनाने थोडा पैसा इकडे ठेवला, तो तरला. नॉर्वेचा तेलनिधी तर सगळाच्या सगळा देशाबाहेर गुंतवला जातो. परदेशी पैसा ज्यांचा आहे त्यांनी तो घरीच ठेवायचा ठरवले असते, तर तो आपल्यापर्यंत पोचलाच नसता. प्रतिपक्षाचा पुरावा माझ्याच बाजूने साक्ष देतो.

एक आक्षेप खरा आहे: २००८ साली सगळेच बाजार एकदम कोसळले. मान्य. पण ती घसरण वर्ष-दीड वर्षाची होती, आणि निवृत्तीची पुंजी दशकांसाठी असते. गेल्या वर्षी चढलेल्या बाजारामागे धावणे मात्र मीही सुचवत नाही.

आपला पगार, घर, ठेवी सगळे रुपयात. मुलीच्या परदेशी शिक्षणाची फी डॉलरमध्ये. २०११ च्या मध्याला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ मध्ये चौऱ्याऐंशीला गेला. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर बाहेर नेऊ देते. बहुतेकांना त्याचा शंभरावा भागही पुरेल. तेवढा तरी बाहेर ठेवा.