आडवे, उभे आणि तिरके

‘सरकारला द्यावा लागणारा हात — दोन अक्षरें.’ हें वाक्य वाचणारा प्रथम सरकारकडे पाहतो, मग स्वतःच्या हाताकडे पाहतो, आणि दोहोंचा संबंध कांहीं केल्या जुळत नाहीं. तो जुळवण्याचें कारणच नसतें. सरकारला द्यावा लागतो तो कर, आणि हात म्हणजेहि करच. ‘कमल विस्कटलें आणि लेखणी झाली’ असा दुसरा संकेत असला, तर कमल या शब्दाचीं अक्षरें विस्कटून त्यांचें कलम करावयाचें. ‘नदी उलटी वाहिली, तर बिचारी गरीब होते’ यांत नदी उलटी वाचली कीं ‘दीन’ हातीं लागतो. वरवरचा अर्थ एक आणि आंतली सूचना निराळीच, अशा संकेतांवर रचलेलें शब्दकोडें तें कूट शब्दकोडें. हा प्रकार इंग्लंडमध्यें वाढला, आणि त्याचा इतिहास बऱ्याच अंशीं फसवणुकीला सचोटीचे नियम लावण्याचा इतिहास आहे.

साधें शब्दकोडें मात्र अमेरिकेंत जन्मलें. लिव्हरपूलचा आर्थर विन हा पत्रकार न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत नोकरीस होता. त्यानें २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारच्या पुरवणींत हिऱ्याच्या आकाराची एक चौकट छापली आणि तिला ‘वर्ड-क्रॉस’ असें नांव दिलें. थोड्याच आठवड्यांत छापखान्यांतील चुकीनें हे दोन शब्द उलटे लागले, आणि तें उलटें नांवच जगभर रूढ झालें. उलटापालटीच्या खेळाला याहून शोभेसें बारसें कोणतें मिळणार? १९२४ मध्यें शब्दकोड्यांचें पुस्तक निघालें आणि अमेरिकेला अक्षरशः वेड लागलें. लंडनच्या ‘टाइम्स’नें त्या वर्षीं या वेडाची यथेच्छ थट्टा केली, पण १ फेब्रुवारी १९३० पासून त्याच ‘टाइम्स’ला स्वतःचें रोजचें कोडें छापावें लागलें. तें रचण्याचें काम एड्रियन बेल या शेती करणाऱ्या लेखकाकडे आलें. कोडें रचण्याचा कसलाहि अनुभव नसलेल्या या गृहस्थानें पुढें आयुष्यभरांत सुमारें ५ हजार कोडीं रचलीं.

अमेरिकन कोड्यांतील संकेत सरळ असत. शब्दाचा अर्थ द्यावा आणि मोकळें व्हावें. ही वाट तिरकी केली ती मुख्यतः एडवर्ड पॉविस मॅथर्स या कवीनें. या माणसाची ओळख मराठी घरांत निराळ्या कारणानें व्हावयास हवी होती. ज्या काश्मीरी बिल्हणानें कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचें चरित्र संस्कृतांत गाइलें, त्याच्या नांवावर असलेल्या ‘चौरपंचाशिके’चें इंग्रजी रूपांतर मॅथर्सनें १९१९ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. असा हा पौर्वात्य शृंगारकाव्यांत रमणारा कवि १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत कोडीं रचूं लागला. टोपणनांव घेतलें ‘तोर्केमादा’, म्हणजे स्पेनमधील धर्मन्यायालयाचा तो निष्ठुर अधिपति. नांव खोटें ठरलें नाहीं. काळीं घरें काढून टाकून शब्दाशब्दांमध्यें त्यानें जाड रेघा आणल्या. संकेत कधीं पद्यांत लिहिले, कधीं गोष्टीच्या रूपानें गुंफले. शब्द चौकटींत बसवण्याचें किचकट काम बहुधा त्याची पत्नी करी, आणि छळण्याचा भाग तो स्वतःकडे ठेवी.

परंतु या छळाला अजून कायदा नव्हता. बहुश्रुतपणाच्या बळावर कोडेकार कोठूनहि कोठेंहि उडी मारी; सोडवणाराला उत्तर सांपडलें तरी तेंच खरें कशावरून, हें पुष्कळदां कळत नसे. वरच्या उदाहरणांतील ‘उलटी’ हा शब्द गाळून नुसतें ‘नदी गरीब होते’ असें लिहिलें, तर तें कूट नव्हे, ती दांडगाई झाली. आपल्याकडे दंडीनें ‘काव्यादर्शां’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगतांनाच पूर्वाचार्यांच्या चौदा दुष्ट प्रहेलिकांचाहि उल्लेख करून ठेवला आहे, तो कांहीं उगाच नव्हे. मॅथर्स १९३९ मध्यें वारला, तेव्हां ही विवेचनाची बाजू इंग्लंडमध्यें अपुरीच होती.

मधल्या युद्धकाळानें या खेळाला भलतेंच महत्त्व आणलें. ‘डेली टेलिग्राफ’चें कोडें फारच सोपें असतें अशी कुरकूर ऐकूं येऊं लागली, तेव्हां एका क्लबाच्या अध्यक्षांनीं १२ मिनिटांत तें सोडवून दाखवणारा निघाल्यास धर्मादायाला १०० पौंड देऊं केले. जानेवारी १९४२ मध्यें पत्राच्या कचेरींत घड्याळ लावून परीक्षा झाली. पांच जण वेळेंत आले. पैकीं सर्वांत जलद आलेला एका शब्दाचें शुद्धलेखन चुकल्यामुळें बाद झाला. पुढें भाग घेणारांपैकीं कांहींना युद्धखात्याचें पत्र आलें आणि त्यांची रवानगी ब्लेचली पार्क येथें, शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्याच्या कामावर झाली.

त्याच पत्राचें पहिलें कोडें १९२५ मध्यें रचणारा लेनर्ड डॉव हा एका शाळेचा मुख्याध्यापक होता, आणि युद्धांत ती शाळा लंडनहून सरे परगण्यांत हलवलेली होती. मे १९४४ मध्यें त्याच्या कोड्यांची उत्तरें म्हणून ‘यूटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबेरी’ असे शब्द छापून आले, आणि जूनच्या आरंभीं ‘नेपच्यून’. नॉर्मंडीच्या स्वारींत पहिलीं दोन किनाऱ्यांचीं गुप्त नांवें होतीं. तिसरें सबंध मोहिमेचें, चौथें कृत्रिम बंदराचें आणि पांचवें आरमारी भागाचें. स्वारी झाली ६ जूनला. हेरखात्याचीं माणसें दारीं आलीं यांत नवल नाहीं. दुहेरी अर्थ हाच ज्याचा व्यवसाय, त्यानें ‘यांत दुसरा अर्थ नाहीं’ असें किती वेळां सांगावें! अखेर त्याला सोडून दिलें. १९८४ मध्यें त्याच्या एका माजी विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, मुख्याध्यापक रिकाम्या चौकटी मुलांकडून भरून घेत आणि मागाहून संकेत लिहीत. जवळच्या सैनिकी छावणींत कानावर आलेले शब्द आपणच त्यांत घातले. डॉव त्यापूर्वींच वारला होता. म्हणजे ज्या शब्दांसाठीं त्याची झडती झाली, ते कदाचित् त्यानें निवडलेच नव्हते.

कायदा आला तो युद्धानंतर. इंग्लंडच्या नभोवाणीवरील भाषणें छापणारें ‘लिसनर’ नांवाचें साप्ताहिक १९२९ मध्यें निघालें होतें, आणि १९३० पासून त्यांत एक अतिशय कठीण कोडें येत असे. तेथें रचना करणारे ए. एफ. रिची हे धर्मोपदेशक ‘आफ्रिट’ या नांवानें लिहीत. अरबी कथांतील राक्षसाचें हें नांव त्यांच्याच नांवाच्या आद्याक्षरांतून निघतें. १९४९ मधील त्यांच्या पुस्तकांत मर्यादा आंखली गेली: वाचणाराची दिशाभूल करण्याची मुभा कोडेकाराला आहे, पण वाक्य शब्दशः घेतलें असतां खरा अर्थ त्यांत असलाच पाहिजे. ‘ऑब्झर्व्हर’मध्यें मॅथर्सच्या जागीं आलेले डी. एस. मॅकनट हे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक त्याहि पुढें गेले. ‘झिमेनेस’ हें त्यांचें टोपणनांवहि धर्मन्यायालयांतूनच उचललेलें. शब्दाची नेमकी व्याख्या, त्याच शब्दाकडे नेणारी दुसरी रास्त वाट, आणि याखेरीज संकेतांत एकहि फालतू शब्द नाहीं, असा त्यांचा दंडक १९६६ मध्यें ग्रंथरूपानें आला. ते वाचकांना उत्तराचा शब्द देऊन संकेत रचावयास सांगत, आणि आलेल्या संकेतांवर छापील पत्रकांतून टीका करीत. कोणाचें व्याकरण घसरलें, कोणाची व्याख्या सैल, याचा खल टपालानें घरोघर चाले. अभिरुचि घडली ती या पत्रकांतून, पुस्तक नंतरचें.

सर्वांनाच हा दंडक मानवला असें नव्हे. ‘गार्डियन’चे जॉन ग्रॅहम हेहि धर्मोपदेशकच. ‘अरॉकेरिया’ या नांवानें, म्हणजे इंग्रजींत ज्याला माकडाचें कोडें म्हणतात त्या झाडाच्या नांवानें, ते १९५८ पासून कोडीं रचीत. झिमेनेसच्या काटेकोर नियमांना ते खुशाल बगल देत, तरी वाचकांचें त्यांच्यावर अतोनात प्रेम होतें. जानेवारी २०१३ मध्यें त्यांच्या एका कोड्यावर अशी टीप छापली गेली कीं, रचनाकाराला अमुक घरांतील अमुक झालें असून त्यावर अमुक उपचार चालू आहेत. अमुकच्या जागीं नुसते आंकडे. लोकांनीं नेहमीप्रमाणें पेन्सिली उचलल्या. एकेक शब्द भरत गेला, आणि त्या आंकड्यांच्या जागीं कर्करोग, अन्ननलिका आणि वेदना शमवण्यापुरती शुश्रूषा हीं उत्तरें आलीं. ग्रॅहम तेव्हां ९१ वर्षांचे होते. त्यानंतरहि ते कोडीं रचीत राहिले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत वारले.