शर्यतीच्या शिंगराची नोंद

शर्यतीत धावणाऱ्या थरोब्रेड घोड्याची वंशावळ लिहून ठेवण्याचा प्रघात अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रुजला. तिथल्या घोड्या आणि पूर्वेकडून आणलेले घोडे यांच्या संकरातून ही जात घडली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तिचे तीन मूळपुरुष. आजच्या थरोब्रेडची पितृपरंपरा यांच्यापैकी एकाला जाऊन मिळते. त्या काळी घोडा अनेकदा धन्याच्या नावाने ओळखला जाई आणि धनी बदलला की नावही बदले. शिंगराचा बाप कोण, हे मग विकणाऱ्याच्या शब्दावरच मानावे लागे.

1791 मध्ये वेदरबी घराण्याने ‘जनरल स्टड बुक’ची प्रास्ताविक आवृत्ती काढली. शर्यतींचे निकाल छापण्याचे काम या घराण्याकडेच असल्याने जुनी माहिती हाताशी होती. नोंदी घोड्यांच्या नव्हे, घोड्यांना जन्म देणाऱ्या माद्यांच्या नावाखाली लावल्या: अमुक घोडी, तिला अमुक साली अमुक घोड्यापासून झालेले शिंगरू. ही मांडणी शहाणपणाची होती. शिंगरू कोणाच्या पोटचे हे पागेत सर्वांना दिसते. बाप मात्र सांगावा लागतो.

पण वहीतली नोंद खरी असली, तरी मैदानात उभे असलेले जनावर तेच आहे कशावरून? 1844 च्या एप्सम डर्बीने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. तीन वर्षांच्या घोड्यांच्या या शर्यतीत ‘रनिंग रेन’ पहिला आला. प्रत्यक्षात त्या नावाखाली ‘मॅकाबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा धावला होता. त्या वयात एका वर्षाने ताकदीत मोठा फरक पडतो. शर्यतींच्या जगातले लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी चिकाटीने पुरावे जमवले आणि प्रकरण कोर्टात गेले. घोड्याचे दुधाचे दात ठरावीक क्रमाने पडतात, त्यामुळे तोंड उघडून पाहिले असते तरी वय कळले असते. न्यायाधीश आल्डरसन यांनी घोडाच हजर करायला सांगितले, तर तो गायब! मालकाला दावा सोडावा लागला आणि दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लँडो’ला विजेतेपद मिळाले. शिंगराची ओळख जन्मापासून त्याच्या अंगाशी बांधलेली नसेल, तर वंशावळीचा कागद कवडीमोलाचा ठरतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

वय मोजण्याचीही एक रीत ठरत गेली. पूर्वी 1 मे हा सगळ्या घोड्यांचा वाढदिवस धरत; 1830 च्या दशकात न्यूमार्केट या इंग्लंडमधल्या शर्यतकेंद्राने 1 जानेवारी हा दिवस घेतला. डिसेंबरअखेर जन्मलेले शिंगरू त्यामुळे चार दिवसांत एक वर्षाचे ठरते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते, म्हणून ती कधी भरवायची याचा हिशेब पैदास करणाऱ्यांना काटेकोरपणे करावा लागतो.

नोंदवहीचा गैरवापरही झाला. 1913 च्या ‘जर्सी अॅक्ट’ या नियमाने, ज्याचे सगळे पूर्वज आधीच वहीत आहेत त्याच घोड्याला प्रवेश ठेवला. जुन्या अमेरिकी वंशावळींत तुटक दुवे असल्याने तिथले कित्येक उत्तम घोडे ‘अर्धजातीचे’ ठरले. वंशशुद्धीचे नाव पुढे केले असले, तरी इंग्लंडच्या पैदासकारांची बाजारपेठ राखणे हाही त्यामागचा हेतू होता. दुसऱ्याच वर्षी ‘डरबार’ या अशाच घोड्याने डर्बी जिंकली! पुढे 1948 मध्ये ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज ही मानाची शर्यत जिंकली. या घोड्याचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, आणि ‘डरबार’ हा त्याचा खापरपणजोबा. त्याच वर्षी सेंट लेजर ही शर्यतही अशाच एका घोड्याने मारली. 1949 मध्ये हा नियम मागे घ्यावा लागला. मैदानात वारंवार खोटा ठरलेला नियम इतकी वर्षे टिकला, हीच खेदाची गोष्ट.

ओळख पटवण्याची साधने त्यानंतर सुधारली. आधी रक्तगट तपासून सांगितलेला बाप अशक्य आहे का, एवढे कळे. डीएनए चाचणीने आई-बाप दोन्ही पडताळता येऊ लागले. मानेत मायक्रोचिप बसते. तरीही शिंगराचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरा भाग आणि अंगावरचे भोवरे आजही आकृतीत टिपतात. मराठी मुलखात हेच भोवरे शुभाशुभ ठरवण्यासाठी पाहत. नोंदवहीत ते ओळखीची खूण म्हणून कामी येतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मनाई आहे, घोडीचा संयोग नैसर्गिकच व्हावा लागतो. त्यामुळे कोणती घोडी कोणत्या घोड्याकडे केव्हा भरवली याची नोंद, शिंगराच्या जन्माची खबर आणि चाचणी यांचा मेळ बसावा लागतो.

भारतातल्या थरोब्रेडची ही वही पुण्याची स्टड बुक अॅथॉरिटी ऑफ इंडिया सांभाळते. तिथे नोंद नसलेले शिंगरू देशातल्या मान्यताप्राप्त शर्यतीत थरोब्रेड म्हणून उतरू शकत नाही.